रामानुजन यांची माता

गणिती श्रीनिवास रामानुजन यांचे नाव आपणांस ठाऊक आहे. त्यांची माता कोमलतम्माळ यांच्याकडेही जरा पाहा. कुंभकोणम येथील सारंगपाणी संनिधी रस्त्यावर त्यांचे लहानसे घर. पती कापडाच्या दुकानी कारकून, पगार दरमहा सुमारे २० रुपये. तो पुरेना, म्हणून त्या देवळात भजने गाऊन चार पैसे मिळवीत आणि कॉलेजचे विद्यार्थी घरी ठेवून घेत. त्या विद्यार्थ्यांना येत होते तेवढे गणित ११ वर्षांच्या मुलाने शिकून संपविले! पोटासाठी ठेवलेले बिऱ्हाडकरू असे त्याचे शिक्षक झाले.

१९०४ साली तो शिष्यवृत्तीवर कॉलेजात गेला. गणितावाचून दुसरे काही वाचीना, तेव्हा शिष्यवृत्ती गेली. माता थेट प्राचार्यांपुढे जाऊन उभ्या राहिल्या. उपयोग झाला नाही. पुढे सुनेची पत्रे पुत्रापर्यंत पोहोचू न देणाऱ्याही ह्याच, हे लपवू नये. परंतु समुद्रप्रवास निषिद्ध मानणाऱ्या त्या घरातून १९१४ मध्ये केंब्रिजला जाण्यास संमती दिली तीही त्यांनीच. १९१८ मध्ये पुत्र रॉयल सोसायटीचा सदस्य झाला. १९१९ च्या मार्चमध्ये तो खंगून परतला, तेव्हा त्या त्याला घेण्यास मुंबईस आल्या होत्या. २६ एप्रिल १९२० रोजी तो निवर्तला, वय ३२.