रहस्यकथाकारांची सहकारी संस्था

ज्या साहित्यप्रकाराला विद्वानांच्या पंक्तीत पाट मिळत नाही, त्याच्या लेखकांनी काय करावे? डोरोथी सेयर्स या इंग्रज लेखिकेचे चरित्र या दृष्टीने उद्बोधक आहे. १८९३ साली ऑक्सफर्ड येथे जन्मलेल्या सेयर्सबाईंनी १९१५ मध्ये तेथेच फ्रेंच विषयात प्रथम वर्ग मिळविला. मात्र स्त्रियांना पदवी देण्याची प्रथाच नसल्यामुळे त्यांना १९२० पर्यंत तिष्ठावे लागले. पुढे लंडनच्या एका जाहिरातसंस्थेत नोकरी करीत असतानाच, १९२३ मध्ये, त्यांची पहिली रहस्यकादंबरी प्रसिद्ध झाली.

१९३० मध्ये त्यांनी व अन्य रहस्यकथाकारांनी ‘डिटेक्शन क्लब’ स्थापन केला. चेस्टरटन अध्यक्ष झाले. अगाथा ख्रिस्तीही सभासद होत्या. वाचकापासून महत्त्वाचा दुवा दडविणार नाही, अशी शपथ नव्या सभासदाला कवटीवर हात ठेवून घ्यावी लागे. विधी गमतीचा, परंतु आशय व्यावसायिक सचोटीचा होता. सभासदांनी एकेक प्रकरण लिहून १९३१ मध्ये संयुक्त कादंबरी सिद्ध केली आणि अशा पुस्तकांच्या उत्पन्नातून क्लबच्या जागेचा खर्च भागविला. अर्थशास्त्राच्या परिभाषेत ही उत्पादकांची सहकारी संस्थाच होय. १९४९ पासून १९५७ मधील मृत्यूपर्यंत सेयर्सबाई तिच्या अध्यक्ष होत्या.

ग्रंथव्यवहारात परस्परांचे स्पर्धक असलेल्या या लेखकांनी राजाश्रयाची याचना न करता आपली संस्था आपल्याच लेखणीवर पोसली, ही गोष्ट अनुदानाकडे डोळे लावून बसणाऱ्या साहित्यसंस्थांनी ध्यानी घेण्याजोगी आहे.