ग. दि. माडगूळकर : स्वतंत्रपूर आणि ‘दो आँखें बारह हाथ’

‘गीतरामायणा’चे कवी म्हणून गजानन दिगंबर माडगूळकर महाराष्ट्राला सर्वपरिचित आहेत. प्रस्तुत घटकात मात्र त्यांच्या पटकथालेखनाचा, आणि त्यातही एकाच कृतीचा, विचार करावयाचा आहे.

माडगूळकरांचा जन्म १ ऑक्टोबर १९१९ रोजी शेटफळे येथे झाला. त्यांचे बालपण माडगुळे या गावी गेले. ही गावे आज सांगली जिल्ह्याच्या आटपाडी तालुक्यात येतात. त्या काळी हा मुलूख औंध संस्थानाचा होता. संस्थानची राजधानी औंध आज सातारा जिल्ह्यात आहे. वडील संस्थानात कारकून, मिळकत तुटपुंजी. औंधच्या शाळेत शिकत असता गणिताने दगा दिला व मॅट्रिक राहून गेले. पोटासाठी ते कोल्हापूरच्या चित्रपटव्यवसायात शिरले. ‘ब्रह्मचारी’ (१९३८) हा त्यांचा आरंभीचा चित्रपट.

ते गाव सोडून गेले त्याच सुमारास आटपाडीजवळ एक विलक्षण प्रयोग सुरू झाला. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ मध्ये प्रजेला स्वराज्याची राज्यघटना दिली आणि त्याच वर्षी ‘स्वतंत्रपूर’ ही कैद्यांची खुली वसाहत वसवली. तिच्यामागे मॉरिस फ्रिडमन या पोलिश अभियंत्याची प्रेरणा होती. खुनासारख्या गुन्ह्यांत शिक्षा झालेल्यांनी तटबंदीविना, बायकामुलांसह राहावे व शेती करावी, अशी योजना होती. माणदेशच्या दुष्काळी मातीत शेती करणे हीच मुळात सक्तमजुरी, हे त्या भागातील वाचकांना सांगावयास नको!

या वसाहतीवरून माडगूळकरांनी व्ही. शांताराम यांच्यासाठी ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) लिहिला. तुरुंगाधिकारी आदिनाथ सहा खुन्यांना उजाड माळावर नेतो. ते रान पिकवतात आणि भाजी स्वस्तात विकू लागतात, तेव्हा बाजारातील व्यापारी त्यांच्यावर उलटतो. माणूस सुधारला तरी बाजार त्याला सुखाने जगू देत नाही, ही जाण ग्रामीण दारिद्र्य पाहिलेल्या लेखकाची आहे. चित्रपटातील हा भाग मला सर्वांत सकस वाटतो.

मूळ प्रयोग आणि कथा यांतील अंतरही विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे. स्वतंत्रपुरात कैद्याला कुटुंबाचा आधार होता. चित्रपटात तो भार आदिनाथाच्या दोन डोळ्यांवर पडतो, आणि मृत्यूनंतरही ते डोळे कैद्यांवर पहारा करतात. नाट्य त्यामुळे वाढते; परंतु संस्थेचे श्रेय एका व्यक्तीच्या पदरी जाते, हेही खरे.

चित्रपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक आणि १९५८ साली बर्लिन महोत्सवात रौप्य अस्वल मिळाले. विशेष म्हणजे यातील गीते गीतकार माडगूळकरांची नव्हेत, ती भरत व्यास यांची. पुढे माडगूळकर विधान परिषदेचे सदस्य झाले, १९६९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि १९७३ च्या यवतमाळ साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही लाभले. १४ डिसेंबर १९७७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. संस्थान १९४८ मध्येच विलीन झाले होते. स्वतंत्रपूरची वसाहत मात्र शासनाच्या कारागृह विभागाने पुढे चालू ठेवली.