पॉलिबियस

पॉलिबियस (जन्म : इ.स.पू. सुमारे २००, मृत्यू : इ.स.पू. सुमारे ११८) हा प्राचीन ग्रीक इतिहासकार, मुत्सद्दी व सेनानी होता. रोमने भूमध्य समुद्राभोवतालच्या प्रदेशांवर वर्चस्व कसे मिळवले, याचा इतिहास त्याने ४० खंडांत लिहिला. त्यांपैकी पहिले ५ खंड संपूर्ण उपलब्ध असून इतरांचे कमीअधिक भाग मिळतात. मॅसिडोनियाचा फॅलँक्स हा व्यूह आणि रोमचे लीजन हे सैन्यदल या दोन पायदळांची त्याने केलेली तुलना लष्करी इतिहासात महत्त्वाची मानली जाते.

पूर्वायुष्य

पॉलिबियसचा जन्म ग्रीसमधील आर्केडिया प्रांतातील मेगालोपोलिस या नगरात झाला. त्याचा पिता लिकॉर्टास हा अकियन संघाचा प्रमुख नेता होता. याच नगरातील सेनापती फिलोपीमेन याने संघाच्या पायदळाच्या हलक्या ढाली व आखूड भाले काढून टाकले आणि मॅसिडोनियन पद्धतीचे लांब भाले देऊन त्याला दाट रांगांत लढण्यास शिकवले होते. त्यामुळे फॅलँक्सची ओळख पॉलिबियसला घरातूनच झाली. इ.स.पू. १८३ च्या सुमारास फिलोपीमेन शत्रूच्या कैदेत मारला गेला. त्याच्या अंत्ययात्रेत अस्थिकलश वाहण्याचा मान तरुण पॉलिबियसला मिळाला. पुढे त्याने फिलोपीमेनचे चरित्र आणि युद्धकलेवर एक ग्रंथ लिहिला. हे दोन्ही ग्रंथ आज उपलब्ध नाहीत.

इ.स.पू. १७० च्या सुमारास तो संघाच्या घोडदळाचा प्रमुख झाला. त्या वेळी रोम व मॅसिडोनियाचा राजा पर्सियस यांच्यात युद्ध सुरू होते. इ.स.पू. १६८ मध्ये पिडना येथे रोमन सेनापती एमिलियस पॉलस याने पर्सियसचा पराभव केला आणि मॅसिडोनियाचे राज्य संपुष्टात आले.

रोममधील वास्तव्य

विजयानंतर रोमने आपल्याविषयी पुरेशी निष्ठा न दाखवल्याच्या संशयावरून अकियन संघातील सुमारे १,००० प्रमुख व्यक्तींना इटलीत नेले. त्यांत पॉलिबियस होता. बहुतेकांना लहान गावांत विखरून ठेवण्यात आले. पॉलिबियसला मात्र रोममध्ये राहण्याची परवानगी मिळाली. पॉलसचा पुत्र स्किपिओ एमिलिआनस याचा तो मार्गदर्शक व स्नेही बनला. ज्या सेनापतीने फॅलँक्सचा निर्णायक पराभव केला, त्याच्याच कुटुंबात ग्रीक घोडदळाचा हा माजी प्रमुख वावरू लागला. रोमन सैन्याची भरती, शिस्त, छावणी व शस्त्रे यांची माहिती त्याला जवळून मिळाली. तिचे तपशीलवार वर्णन त्याने सहाव्या खंडात केले आहे.

दोन पायदळांची तुलना

ही तुलना अठराव्या खंडात, इ.स.पू. १९७ मधील किनॉसेफलीच्या लढाईच्या वर्णनानंतर येते. फॅलँक्समधील सैनिकाचा सारिसा हा भाला १४ हात, म्हणजे ६ मीटरांहून अधिक लांब असे. त्यापैकी १० हात भाग सैनिकाच्या पुढे राही. मागची प्रत्येक रांग २ हातांनी मागे असल्याने पहिल्या ५ रांगांची टोके व्यूहाच्या पुढे येत. त्यामागील रांगा भाले तिरपे वर धरून येणारी अस्त्रे अडवत आणि आपल्या भाराने पुढच्यांना रेटत. फॅलँक्समधील सैनिकाला उभे राहण्यास ३ फूट जागा पुरे. रोमन सैनिकाला ढाल फिरवण्यासाठी व तलवार चालवण्यासाठी आणखी ३ फूट लागत. परिणामी एका रोमन सैनिकासमोर शत्रूचे २ सैनिक आणि भाल्यांची १० टोके येत. यावरून समोरासमोरच्या टकरीत फॅलँक्स अभेद्य असल्याचे त्याने मान्य केले.

मात्र या सामर्थ्याला सपाट व मोकळी भूमी आवश्यक होती. खंदक, ओढे, झाडी किंवा चढउतार आले की रांगा तुटत. सुमारे २० स्टेडिया, म्हणजे साडेतीन किलोमीटरांच्या आसपास निर्वेध मैदान क्वचितच मिळे. मिळाले तरी शत्रूने तेथे येण्याचे कारण नसे. रोमन सेनापती सगळे सैन्य एकाच वेळी झुंजवत नसत. राखीव तुकड्या शत्रूच्या बगलेवर किंवा पिछाडीवर घालता येत. फॅलँक्सच्या सैनिकाला सुटे लढणे कठीण जाई. रोमन सैनिक मात्र एकटा, तुकडीत किंवा संपूर्ण सैन्यासह सारख्याच सज्जतेने लढू शके.

किनॉसेफलीच्या टेकड्यांवर हेच घडले. मॅसिडोनियाचा राजा पाचवा फिलिप याच्या उजव्या बाजूच्या फॅलँक्सने रोमनांना उतारावरून मागे रेटले. त्याची डावी बाजू मात्र व्यूह रचण्यापूर्वीच मोडली. तेव्हा एका रोमन अधिकाऱ्याने २० तुकड्या वळवून विजयी फॅलँक्सच्या पिछाडीवर हल्ला केला. मागे वळणे अशक्य झालेल्या मॅसिडोनियन सैनिकांनी शरणागतीची खूण म्हणून भाले उभे धरले. रोमनांना तिचा अर्थ वेळेवर कळला नाही आणि अनेकजण मारले गेले.

पराभवाचे खापर दैवावर फोडणे पॉलिबियसला मान्य नव्हते. त्याचबरोबर जय-पराजय केवळ शस्त्रांवर ठरत नाही, हेही त्याने दाखवले. कार्थेजच्या हॅनिबलने रोमनांकडून जिंकलेली शस्त्रे आपल्या सैन्याला दिली होती. त्याचे विजय त्याच्या सेनापतित्वामुळे घडले, असे त्याचे मत होते.

उत्तरायुष्य

इ.स.पू. १५० मध्ये, सुमारे १७ वर्षांनंतर, इटलीत नेलेल्या ग्रीकांना परत जाण्याची अनुमती मिळाली. तोपर्यंत त्यांच्यापैकी सुमारे ३०० जणच जिवंत उरले होते. इ.स.पू. १४६ मध्ये स्किपिओने कार्थेज नष्ट केले, तेव्हा पॉलिबियस त्याच्यासोबत होता. त्याच वर्षी रोमनांनी ग्रीसमधील कॉरिंथ उद्ध्वस्त करून अकियन संघाचा पाडाव केला. त्यानंतर ग्रीक नगरांची घडी बसवण्याचे काम पॉलिबियसने केले. फिलोपीमेनचे पुतळे हटवण्याची मागणी झाली असता त्याने बाजू मांडून ते वाचवले. पराभूत नेत्याच्या मालमत्तेतून देऊ केलेली भेट त्याने नाकारली. परंपरेनुसार वयाच्या ८२ व्या वर्षी घोड्यावरून पडल्याने त्याचा मृत्यू झाला.

मूल्यमापन

प्रत्यक्ष प्रवास, साक्षीदारांची तपासणी व राजकीय अनुभव यांना पॉलिबियसने इतिहासलेखनात महत्त्व दिले. इससच्या लढाईविषयी कॅलिस्थेनिसने दिलेले सैन्यबळ तेथील अरुंद मैदानात मावत नाही, हे त्याने हिशेबाने दाखवले. स्किपिओ घराण्याविषयीचा त्याचा पक्षपात आणि अन्य इतिहासकारांवरील कठोर टीका हे त्याच्या लेखनातील दोष मानले जातात. तरीही रोमन प्रजासत्ताकाच्या सैन्यव्यवस्थेच्या अभ्यासासाठी त्याचा सहावा खंड हे प्रमुख साधन आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस युस्टस लिप्सियस याने रोमन सैन्यावरील आपला ग्रंथ त्याच खंडाच्या आधारे लिहिला.