दोनशे रुपयांचा दंड

टेंभी नाक्यावरचे आमचे जुने घर पाडायला काढले, तेव्हा माळ्यावर ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाचे सात अंक सापडले. वर्तमानपत्रात गुंडाळून, वर आजोबांचे वकिलीचे दफ्तर रचलेले. आजीची बाळंतपणेही सातच. अंक घरात आहेत हे तिला ठाऊक होते की नाही, सांगायला आता कोणी उरलेले नाही.

मासिक रघुनाथ धोंडो कर्वे यांचे. महर्षी कर्व्यांचे हे थोरले चिरंजीव, गणिताचे प्राध्यापक. संततिनियमनाचा प्रचार आणि नोकरी यांचे जमेना, तेव्हा १९२५ साली त्यांनी विल्सन कॉलेज सोडले. जुलै १९२७ मध्ये मासिक काढले आणि पदरमोड करून अखेरपर्यंत चालवले. पाठीशी पत्नी मालतीबाई होत्या. मुखपृष्ठावर नग्न चित्र असे. आजोबांनी अंक का लपवले, ते त्यावरून कळतेच!

मला मात्र त्यांचे कोर्टातले दिवस मोठे वाटतात. १९३१ साली अश्लीलतेच्या खटल्यात शंभर रुपये दंड झाला. लेखणी थांबली नाही. १९३४ साली पुन्हा खटला. या वेळी आक्षेप होता वाचकांच्या खासगी प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवर. वकीलपत्र घेतले डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. ज्यांना स्वतःच्या समाजाचीच लढाई पुरून उरत होती, ते एका एकाकी संपादकासाठी उभे राहिले. लोक विचारतात, तर जाणत्याने उत्तर द्यायचे नाही का? विषय लैंगिक, म्हणून लिखाण आपोआप अश्लील कसे? असा त्यांचा मुद्दा. खटला हरला. दंड दोनशे रुपये.

२६ जानेवारी १९५० रोजी घटना अमलात आली. मसुदा समितीचे अध्यक्ष तेच वकील. एकोणिसाव्या कलमाने विचार मांडण्याचे स्वातंत्र्य मूलभूत हक्क म्हणून दिले. सभ्यता आणि नीतिमत्ता यांसाठी बंधनाची वाटही त्याच कलमात राहिली. म्हणजे कर्व्यांवरचा जुना आरोप नव्या राज्यातही करता आला असता. मला हे आजही खुपते. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेच्या जागी न्याय संहिता आली. अश्लीलतेचे कलम तिच्यातही आहे.

कर्वे १४ ऑक्टोबर १९५३ रोजी गेले. मासिकही त्यांच्याबरोबर संपले.

ते सात अंक आता माझ्या कपाटात आहेत. कॉलेजात जाणारी नात वाचायला मागते आहे. द्यावेत की नाही, यावर घरात अजून एकमत झालेले नाही.