वेलोरच्या डॉक्टर आयडा स्कडर

मोठीं रुग्णालयें बहुधा शहरांत असतात. रोग मात्र गांव लहान कीं मोठें हें पाहून येत नाहीं. खेड्यांतील माणूस आजारी पडला, म्हणजे प्रथम गाडीची, मग बुडणाऱ्या मजुरीची आणि शेवटीं औषधाची चिंता त्याच्या घरच्यांस पडते. ह्या चिंतांत जो वेळ जातो, त्यांतच कित्येकदां रोग्याचा प्राणहि जातो. हें अंतर कमी करण्यासाठीं जिनें आपलें सारें आयुष्य वेंचिलें, अशा एका थोर स्त्रीचें चरित्र आमच्या विद्यार्थी-बंधुभगिनींस व त्यांच्या पालकांस थोडक्यांत सांगावें, असा ह्या लेखाचा हेतु आहे.

आयडा स्कडर हिचा जन्म ९ डिसेंबर १८७० रोजीं मद्रास इलाख्यांतील राणीपेट ह्या गांवीं झाला. तिचें घराणें वैद्यकाचें. तिचे आजोबा डॉ. जॉन स्कडर हे न्यूयॉर्क येथील चालता धंदा सोडून १८१९ सालीं सिलोनांत आले. ते अमेरिकेचे पहिले वैद्यकीय मिशनरी होत. पुढें त्यांच्या मुलांनीं दक्षिण हिंदुस्थानांत तेंच काम चालविलें. आयडाचे वडील, त्यांचेंहि नांव जॉनच, डॉक्टर होते. १८७६ ते १८७८ ह्या काळांतील भयंकर दुष्काळ आयडानें बालवयांत पाहिला. रस्त्याच्या कडेला पडलेलीं उपाशी मुलें तिच्या मनावर कायमचीं कोरलीं गेलीं. असें असूनहि, किंवा कदाचित् म्हणूनच, ती शिक्षणासाठीं अमेरिकेस गेल्यावर तिला ह्या देशीं पुन्हा येऊन राहण्याची मुळींच इच्छा उरली नाहीं. तेथील सुखाचें, आनंदाचें आयुष्य तिला प्रिय वाटूं लागलें होतें.

नॉर्थफील्ड येथील शाळेचें शिक्षण संपल्यावर, आई आजारी असल्यामुळें, ती थोड्या दिवसांच्या बोलीनें तिंडिवनम् येथें आईवडिलांकडे आली. त्या मुक्कामांतील एका रात्रीनें तिच्या आयुष्याचा ओघ बदलला. त्या रात्रीं तीन गृहस्थ एकामागून एक दारीं आले. त्यांतील एक ब्राह्मण होता, एक मुसलमान होता, व तिसरा दुसऱ्या एका हिंदु जातीचा होता. तिघांच्याहि घरीं बायको बाळंतपणांत अडली होती. आयडाचे वडील तत्काळ यावयास तयार होते; परंतु परपुरुषानें स्त्रीस तपासावें हें त्या काळच्या रीतीस मान्य नव्हतें. आयडानें यावें असा तिघांचाहि आग्रह. आणि आयडा तर वैद्यकाचें अक्षरहि शिकलेली नव्हती. तिघेहि निराश होऊन परतले. उजाडतां उजाडतां अंत्ययात्रेच्या वाद्यांचा आवाज ऐकूं आला, आणि तिन्ही स्त्रिया दगावल्याचें तिला कळलें.

येथें एक गोष्ट वाचकांनीं ध्यानीं घ्यावी. ते तिघे पुरुष निर्दय नव्हते. अपरात्रीं परक्याच्या दारीं येऊन त्यांनीं हात जोडले, ते आपल्या माणसाचा जीव वांचावा म्हणूनच. रूढीचें बंधन त्यांना तोडवेना, आणि त्या बंधनाच्या आंत राहून उपचार करूं शकेल अशी स्त्री-डॉक्टर त्या भागांत नव्हती. रूढी बदलेपर्यंत रोग्यानें थांबावें, असें म्हणणें सोपें आहे. परंतु रोग थांबत नाहीं. म्हणून आपण स्वतःच डॉक्टर व्हावें, असा निश्चय आयडानें त्याच दिवशीं केला व तो आईवडिलांस कळविला.

१८९५ सालीं तिनें अमेरिकेंतील पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांत प्रवेश घेतला. ह्याच महाविद्यालयांतून १८८६ सालीं आपल्या महाराष्ट्राच्या डॉ. आनंदीबाई जोशी पदवी घेऊन बाहेर पडल्या होत्या. आनंदीबाईंना दुर्दैवानें पुढच्याच वर्षीं मृत्यूनें गांठलें, व त्यांनीं मनांत योजिलेलें कार्य मनांतच राहिलें. आयडाबाईंनीं शेवटचें शिक्षण कॉर्नेल येथें घेऊन १८९९ सालीं पदवी मिळविली. परत येण्यापूर्वीं त्यांना स्त्रियांच्या रुग्णालयासाठीं एक मोठी देणगी मिळाली. शेल नांवाच्या न्यूयॉर्कच्या एका सावकारानें आपल्या दिवंगत पत्नीच्या स्मरणार्थ दहा हजार डॉलर दिले.

१९०० सालच्या आरंभीं आयडाबाई वेलोर येथें आल्या. वडिलांच्या हाताखालीं अनुभव घ्यावा अशी त्यांची अपेक्षा होती. परंतु कांहीं महिन्यांतच वडील वारले आणि नवशिक्या डॉक्टरीणबाई एकट्या पडल्या. लोकांचा विश्वास बसण्यास वेळ लागला. राहत्या घरांतील एका लहानशा खोलींत त्यांनीं दवाखाना थाटला. हळूहळू रोग्यांची रीघ लागली, व दोन वर्षांत सुमारें पांच हजार रोग्यांस त्यांनीं औषधोपचार केला. १९०२ सालीं देणगीच्या रकमेंतून बांधलेलें चाळीस खाटांचें रुग्णालय उघडलें.

दुसऱ्या कोणास एवढ्यानें समाधान वाटलें असतें. आयडाबाईंच्या मात्र ध्यानांत आलें कीं, रुग्णालयांत जे येतात त्यांच्याहून अधिक लोक न येणारे आहेत. आणि जे दूरवरून येतात, ते बहुधा फार उशिरां येतात. तेव्हां त्यांनीं आपणच खेड्यांकडे जाण्याचें ठरविलें. वेलोरहून गुडियात्तमकडे जाणाऱ्या रस्त्यावर आठवड्याच्या ठराविक दिवशीं त्यांची फेरी सुरू झाली. आरंभीं बैलगाडीसारख्या संथ वाहनांवर विसंबावें लागे. १९०९ सालीं त्यांना एक लहानशी मोटारगाडी मिळाली. बैलावांचून धांवणारें तें वाहन पाहून आरंभीं खेडुत घाबरून दूर पळत. पण पुढें त्याच गाडीची वाट पाहत तेच लोक झाडांच्या सावलींत बसूं लागले. एखाद्या मोठ्या वृक्षाखालीं गाडी थांबे. औषधांच्या पेट्या उघडल्या जात. कोणाचा व्रण धुवावा, कोणाचें गळूं फोडावें, कोणाचे डोळे पाहावे, कोणास तापावर औषध द्यावें, असें काम चाले. ज्याचा आजार झाडाखालीं बरा होण्याजोगा नसे, त्यास रुग्णालयांत आणण्यांत येई. दिवस व जागा ठरलेली असल्यामुळें गरीब मजुरासहि आपली वेळ साधतां येई. ह्या नियमितपणांतच त्या योजनेचें खरें सामर्थ्य होतें.

एका डॉक्टरानें कितीहि कष्ट केले, तरी एका जिल्ह्यालाहि तो पुरा पडत नाहीं, हें ओळखून आयडाबाईंनीं १९०९ सालीं परिचारिकांचें शिक्षण सुरू केलें आणि पुढें मुलींसाठीं वैद्यकीय शाळा काढण्याचा घाट घातला. मुली पुरेशा मिळतील कीं नाहीं, ह्याची वरिष्ठ सरकारी अधिकाऱ्यांना शंका होती. तरीहि १९१८ सालीं शाळा सुरू झाली. साधनें तुटपुंजीं होतीं व बहुतेक विषय आयडाबाईंनाच शिकवावे लागत. पहिल्या वर्षाच्या परीक्षेस चौदा मुली बसल्या. इलाख्यांतील पुरुष विद्यार्थ्यांपैकीं पांचांत एकच त्या परीक्षेंत उत्तीर्ण झाला असतां, ह्या चौदाहि मुली उत्तीर्ण झाल्या. शंका घेणाऱ्यांस ह्याहून निराळें उत्तर देण्याची गरज उरली नाहीं.

तथापि सर्वांत कठीण कसोटी पुढेंच होती. १९३८ च्या सुमारास मद्रास सरकारनें ठरविलें कीं, यापुढें डॉक्टर होण्यास विद्यापीठाची पदवीच हवी. वेलोरची शाळा पदवीची नव्हती. अधिक प्राध्यापक, अधिक खाटा व पुष्कळ पैसा मिळविणें, नाहीं तर शाळा बंद करणें, असा प्रसंग आला. आयडाबाई तेव्हां सत्तरीच्या घरांत होत्या. त्या अमेरिकेस जाऊन मदतीसाठीं गांवोगांव हिंडल्या. स्त्री-पुरुष दोघांसाठीं महाविद्यालय करावें, म्हणजे अधिक मिशनांचें साहाय्य मिळेल, अशी सूचना पुढें आली. जुन्या हितचिंतक स्त्रियांपैकीं कित्येकींना ती मुळींच रुचली नाहीं, कारण स्त्रियांसाठीं दिलेला पैसा स्त्रियांच्याच उपयोगीं पडावा, असें त्यांचें म्हणणें होतें, आणि तें अगदींच गैर नव्हतें. स्वतः आयडाबाईंनीं ही संस्था उभारली ती स्त्रियांसाठींच. परंतु संस्था बुडाली तर खेड्यांतील स्त्रियांचेंच अधिक नुकसान होईल, हें जाणून त्यांनीं नवी दिशा स्वीकारली, व त्यापायीं जुन्या मैत्रींतील दुरावाहि सोसला. १९४२ सालीं पदवी-शिक्षणास मान्यता मिळाली आणि १९४७ सालीं मुलांनाहि प्रवेश खुला झाला.

१९४६ सालीं आयडाबाई निवृत्त झाल्या. पुढें संस्थेची धुरा डॉ. हिल्डा लाझारस ह्या भारतीय विदुषींनीं वाहिली. उतारवयांतहि टेनिस खेळण्याची आयडाबाईंची आवड कमी झाली नव्हती. २४ मे १९६० रोजीं कोडाईकनाल येथें, वयाच्या नव्वदाव्या वर्षीं, त्यांचें देहावसान झालें. त्यांच्या मागें १९६१ सालीं हृदय उघडून शस्त्रक्रिया करण्याचा देशांतील आरंभींचा यशस्वी प्रयोग वेलोर येथेंच झाला. पण त्यांच्या मूळ हेतूस अधिक जवळचें काम म्हणजे १९७७ सालीं खेड्यांतील आरोग्य व समाजसेवा ह्यांसाठीं त्या संस्थेनें स्थापिलेलें स्वतंत्र केंद्र होय. झाडाखालच्या दवाखान्याचेंच तें वाढलेलें रूप आहे.

विद्यार्थीमित्रहो, आयडाबाईंना हें काम आरंभीं नको होतें. ज्या दिवशीं गरज त्यांच्या दारीं आली, त्या दिवशीं त्यांच्या हातीं विद्या नव्हती. त्यांनीं दुःख करीत न बसतां ती विद्या मिळविली, आणि मिळालेली विद्या घेऊन जेथें डॉक्टर नव्हता तेथें त्या गेल्या. तुम्हांपैकीं जे उद्यां डॉक्टर, परिचारिका किंवा औषधविक्रेते होतील, त्यांनीं शहराचा रस्ता धरण्यापूर्वीं आपल्या गांवच्या रस्त्याचाहि एकवार विचार करावा. आणि पालकांनीं, आपल्या मुलीनें ही वाट धरण्याची इच्छा दाखविली, तर तिला आडवें न येतां आशीर्वाद द्यावा, एवढीच विनंती आहे.