दृष्टिरक्षक शास्त्रज्ञ सर विल्यम क्रूक्स

दृष्टि ही परमेश्वराची अमोल देणगी होय. प्रखर तेजापासून तिचें रक्षण कसें करावें, हें ज्यांनीं मोजमाप करून दाखविलें, त्या सर विल्यम क्रूक्स यांचें अल्प चरित्र आम्ही वाचकांस सादर करीत आहों.

क्रूक्स यांचा जन्म १७ जून १८३२ रोजीं लंडन शहरीं एका शिंप्याच्या घरीं झाला. लहान वयांतच ते रसायनशास्त्राकडे वळले. १८६१ सालीं एका पदार्थाचा वर्णपट पाहतांना त्यांस अनोळखी हिरवी रेषा दिसली व तीवरून थॅलियम या नव्या मूलद्रव्याचा शोध लागला. प्रकाश पृथक् करून पाहण्याची हीच विद्या पुढें त्यांनीं श्रमजीवी लोकांच्या सेवेस लावली.

कांचेच्या भट्टीकडे वर्षानुवर्षें पाहणाऱ्या कारागिरांस त्या काळीं मोतीबिंदू होत असे. या प्रश्नाच्या चौकशीसाठीं रॉयल सोसायटीनें समिती नेमली. तिच्या कार्यासाठीं क्रूक्स यांनीं निरनिराळीं धातुद्रव्यें मिसळून तीनशेंहून अधिक प्रकारची कांच तयार केली. वय ऐंशीच्या घरांत असतांही त्यांचा उद्योग खंडला नाहीं. अतिनील किरण व उष्णतेचे किरण डोळ्यांस दिसत नाहींत. म्हणून केवळ काळसर कांच पुरेशी नव्हे, हें त्यांनीं जाणलें. प्रत्येक कांचेंतून कोणते किरण किती पार जातात, हें त्यांनीं मोजलें. सीरियम अतिनील किरण अडवितें, तर लोहाचें विशिष्ट संयुग उष्णता रोखतें, असें आढळलें. हें संशोधन १९१४ सालीं प्रसिद्ध झालें. ४ एप्रिल १९१९ रोजीं ते निवर्तले.

मोजल्यावांचून निर्णय देऊं नये, हाच मार्ग पुढें रूढ झाला. २००६ सालीं आंतरराष्ट्रीय मानकानें दिव्यांचे, त्यांच्या किरणांच्या मोजमापावरून, चार धोका-गट ठरविले.

आमच्या गुलमंडीवर सायंकाळीं दिव्यांचा लखलखाट असतो. दुकानांतील साध्या दिव्यांकडे सहज दृष्टि गेल्यास भिण्याचें कारण नाहीं. परंतु रस्त्याच्या कडेस कोठें वेल्डिंग चालू असल्यास मुलें त्या निळसर ज्योतीकडे टक लावून उभीं राहतात, तें टाळलें पाहिजे. त्या वेळीं कांहींच वाटत नाहीं. मात्र कांहीं तासांनीं डोळ्यांत वाळू गेल्याप्रमाणें खुपूं लागतें. बाजारांतील साधा रंगीत चष्मा तेथें उपयोगी नाहीं. वेल्डिंग करणाऱ्यानें त्याच कामासाठीं बनविलेली कांच वापरावी व इतरांनीं तिकडे पाहूंच नये. तेज सोसवतें म्हणून तें निरुपद्रवी, असें आमच्या विद्यार्थ्यांनीं कदापि मानूं नये.