प्रवासाहून कामाकडे : रेव्हरंड नारायण शेषाद्रि आणि जालन्याचें बेथेल

दूरचा प्रवास करून जो मनुष्य घरीं परततो त्यास दोन ओझीं उतरावयाचीं असतात. एक डोक्यावरचें, तें दाराशीं उतरतें. दुसरें मनांतलें, तें उतरण्यास पुष्कळ दिवस लागतात. परगांवीं पाहिलेलीं घरें, भेटलेलीं माणसें, मिळालेला मान अथवा पैसा ह्यांच्यापुढें आपलें जुनें काम त्यास लहान दिसूं लागतें, आणि हात कामाकडे वळत नाहींत. आमच्या वाचकांपैकीं कोणी ऊसतोडीहून, कोणी पुण्यामुंबईच्या कारखान्यांतून सणास अथवा पेरणीस परत येतात. त्यांस आम्ही हें नवें सांगतों असें नाहीं. अशांकरितां जालन्याच्या एका सेवकाचें चरित्र आज सादर करितों. त्यांचा प्रवास आपल्या प्रवासाहून फार मोठा होता. परतल्यावरचें त्यांचें काम मात्र आपल्यासारख्याच साध्या माणसांतलें होतें.

रेव्हरंड नारायण शेषाद्रि हे जन्मानें ब्राह्मण. मुंबईस डॉ. जॉन विल्सन ह्यांनीं चालविलेल्या शाळेंत त्यांचें शिक्षण झालें. सप्टेंबर १८४३ मध्यें रेव्हरंड रॉबर्ट नेस्बिट ह्यांच्या हातून त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत तेव्हां सुमारें बारा वर्षांचा होता; तोही मिशनरींच्या घरीं येऊन राहिला. बापानें मुंबईच्या न्यायालयांत दाद मागितली, आणि न्यायाधीशांनीं मुलगा बापाच्या हवालीं केला. परंतु मुलगा परत आला तरी जातीचा दरवाजा त्यास सहज उघडेना. त्यास प्रायश्चित्त देऊन पंक्तीस घ्यावें असें बाळशास्त्री जांभेकरांसारखे विद्वान् म्हणूं लागले, तेव्हां मुंबईच्या ब्राह्मणांत मोठा तंटा माजला. त्या बापाचें दुःख लहान नव्हतें हेंही आपण विसरूं नये. वडील मुलाची तर घरची वाट तुटलीच. परत जावयाचें ठिकाण म्हणजे काय, हें ज्यास तरुणपणींच हरवावें लागलें, त्यानें पुढें इतरांकरितां एक ठिकाण वसविलें, हें ह्या चरित्राचें मर्म आहे.

१८५४ मध्यें फ्री चर्चनें त्यांस पाळकपणाची दीक्षा दिली. इंग्रजीवर त्यांचें प्रभुत्व होतें. मुंबईसारख्या शहरांत विद्वानांच्या मंडळींत त्यांनीं आयुष्य घालविलें असतें तर कोणी नांवें ठेविलीं नसतीं. परंतु १८६० नंतरच्या वर्षांत त्यांनीं जालना हें आपलें कार्यक्षेत्र केलें. कुंडलिका नदीच्या कांठचें हें गांव तेव्हां निजामाच्या राज्यांत होतें, आणि फौजेच्या छावणीमुळें त्याचें नांव होतें. आजचा जालना जिल्हा हा १ मे १९८१ रोजीं झाला. त्या काळीं मुंबईहून जालन्यास येणें म्हणजेच परमुलखांत येणें होय.

ह्या भागांत त्यांच्या उपदेशास अधिक करून मांग व महार म्हणविलेल्या कुटुंबांनीं कान दिला. त्या कुटुंबांची स्थिति वाचकांस ठाऊकच आहे. घर गांवकुसाबाहेर, दोर वळणें, केरसुण्या बांधणें, सांगावा पोंचविणें, सीमेची राखण करणें हीं कामें वंशपरंपरेनें गळ्यांत, त्याबद्दल बलुतें मिळावयाचें तें देणाराच्या मर्जीनें. गांवच्या विहिरीवर पाणी भरावयाची मुभा नाहीं. अशा मनुष्यानें मत बदललें आणि गांवानें बलुतें बंद केलें, तर सायंकाळीं चूल पेटणें कठीण. एका ब्राह्मण पाळकानें अशा घरांत जाऊन बसावें हें दोन्ही बाजूंस विलक्षण वाटण्याजोगें होतें. पण केवळ जाऊन बसल्यानें प्रश्न सुटत नव्हता. ह्या लोकांस पाय ठेवावयास स्वतःची जमीन हवी, हें नारायणरावांनीं ओळखलें. निजामाचे दिवाण सर सालारजंग ह्यांच्याकडे त्यांनीं मागणी केली, आणि त्या मुसलमान दिवाणानें ख्रिस्ती वसाहतीकरितां जालन्याजवळ जमीन दिली. तेथें जें गांव वसलें त्याचें नांव बेथेल, म्हणजे देवाचें घर.

गांव वसविणें हें एका दिवसाचें काम नव्हे. जमीन मिळाली तरी दगड वेंचावे लागतात, विहिरीस पाणी लागावें लागतें, बैल व बीं मिळवावें लागतें. पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याच्या हुकुमानें काम केलेल्या माणसास स्वतःच्या बांधावर उभें राहून आज काय करावें हें ठरविण्याची संवय जडावी लागते. मुलांस गुरांमागून काढून शाळेंत बसवावें लागतें. भांडणें होतात, तीं मिटवावीं लागतात. ह्या कामांत व्याख्यानाचा गौरव नाहीं. रोज सकाळीं उठून तेंच पुनः करणें आहे.

अशा कामांतून उठून नारायणराव १८७३ सालीं अमेरिकेस गेले. त्या वर्षीं २ ऑक्टोबरपासून न्यू यॉर्क शहरीं इव्हँजेलिकल अलायन्सची मोठी परिषद भरली होती. अनेक राष्ट्रांचे विद्वान् तेथें जमले होते. डोक्यास पागोटें घातलेला हा हिंदी पाळक तेथें बोलावयास उभा राहिला, तेव्हां लोकांनीं मोठ्या आवडीनें त्याचें भाषण ऐकिलें.

त्या काळचा समुद्रप्रवास कसा होता हें एका गोष्टीवरून कळेल. ह्याच परिषदेहून यूरोपास परतणारे कांहीं प्रतिनिधि व्हिल द्यू आव्र नांवाच्या जहाजावर होते. २२ नोव्हेंबर १८७३ रोजीं तें दुसऱ्या गलबतावर आदळून बुडालें, आणि २२६ माणसें दगावलीं. त्या प्रतिनिधींपैकीं कांहीं पुनः घरीं पोंचले नाहींत. शिकागोच्या होरेशिओ स्पॅफर्ड ह्यांच्या चारही मुली त्याच जहाजावर गेल्या. त्यांनीं पुढें लिहिलेलें गीत आजही मंडळ्यांत गातात.

नारायणराव परतले, आणि ते जालन्यासच परतले. जालन्यास आगगाडी आली ती १९०० सालीं. म्हणून रेल्वे सोडल्यावर पुढची वाट गाडीरस्त्यानेंच संपवावी लागे. ज्यानें न्यू यॉर्कच्या दिव्यांत सभा गाजविली त्याच्यापुढें आतां बेथेलचीं शेतें, शाळा आणि आजारी माणसें होतीं. जमलेल्या हजारों लोकांस जें एकदां सांगितलें तें येथें दहा घरांत दहा वेळां सांगावयाचें होतें. जो मान परदेशीं मिळाला त्यानें येथील विहिरीस एक हातही पाणी वाढणार नव्हतें.

आणि सुखाचे दिवसही पुढें नव्हते. १ डिसेंबर १८७५ रोजीं त्यांचे गुरु डॉ. विल्सन मुंबईस वारले. १८७६ पासून १८७८ पर्यंत दख्खनांत मोठा दुष्काळ पडला. अशा वर्षांत वसाहतीची खरी परीक्षा होते. पाणी आटलें म्हणजे नवीं माणसें जुन्या वाटांकडे पाहूं लागतात. ज्यानें त्यांस बोलावून आणिलें तो जवळ नसेल तर त्यांस थोपविणार कोण? १८८३ मध्यें सर सालारजंगही वारले. नारायणरावांनीं आपलें काम सोडलें नाहीं. पुढें त्यांच्या नांवामागें डॉक्टर ही पदवीही लागली. तरी लोकांच्या स्मरणांत ते राहिले ते जालन्याचे म्हणूनच.

१८९१ मध्यें पुनः एका परदेशप्रवासांत असतां समुद्रावरच त्यांचें देहावसान झालें. ह्या वेळीं परतणें त्यांच्या हातीं नव्हतें. परंतु पूर्वीं जेव्हां तें हातीं होतें तेव्हां ते परतले होते, आणि मधल्या वर्षांत बेथेलच्या लोकांस आपल्या पायांवर उभें राहण्यास अवधि मिळाला होता.

उत्पत्तीच्या पुस्तकांत बेथेलचें नांव दोन वेळां विशेषेंकरून येतें. अठ्ठाविसाव्या अध्यायांत याकोब घरांतून पळून जातांना तेथें निजतो व स्वप्न पाहतो. पस्तिसाव्या अध्यायांत वीस वर्षांहून अधिक परदेशवास झाल्यावर, मोठा परिवार घेऊन, तो तेथेंच परत येतो आणि वेदी बांधतो. स्वप्न एका रात्रींत पडलें. वेदीचे दगड मात्र हातांनीं उचलावे लागले. प्रवासाहून आलेल्या बंधुभगिनींनीं हें मनांत धरावें. जें पाहिलें तें विसरावें असें आम्ही म्हणत नाहीं. त्यांतलें उपयोगाचें तें घरीं अवश्य आणावें. पण पहिल्याच सकाळीं आपल्या शेताच्या बांधावर एक फेरी घालावी, शाळेंत मुलांची चौकशी करावी, मागें आजारी पडलेल्या शेजाऱ्यास भेटावें. दुसरें ओझें अशानेंच उतरतें.